आधी दांडा, मग माणूस!

टण्ण! दुपारच्या शांततेत लाटणं ताटावर आदळलं आणि कसंबसं निजवलेलं बाळ टाहो फोडून उठलं.

"हा इंजिन बंद करायचा दांडा!" लाटणं नाचवत हे म्हणाले. "यंत्रात कुणी अडकला, तर आधी दांडा ओढायचा, मग माणूस! म्हण पुन्हा!"

आठवडाभर घरात हेच! बराकपूरला पेंढा कापायच्या यंत्रापुढे यांचं व्याख्यान होतं, यंत्राजवळ सावध कसं राहावं यावर. "माझं भाषण ऐकल्यावर बंगालात एकाचं बोट तुटायचं नाही!" इति हे. आमच्या पाच वर्षांच्या वृंदालासुद्धा नियम पाठ झाले.

आणि व्याख्यानाच्या दिवशी पाहते तो काय! यांच्या अंगावर बंगाली थाटाची धुती, निऱ्यांचा सोगा पंख्यासारखा पावलांपर्यंत!

"अहो, पाटलोण घाला की! सैल कपडे नकोत, असं तुम्हीच..."

"पाटलोणीतला साहेब शेतकऱ्यांना परका वाटतो. तुला नाही कळायचं!"

बराकपूरला शेतकरी मात्र धोतरं गुडघ्यावर खोचून बसले होते! मी वृंदाला नि बाळाला घेऊन जरा पुढे सरकले, तर यांनी डोळे वटारले. "बायकांनी लांब! पदर अडकतो."

माझा पदर कमरेला करकचून खोचलेला होता, बरं का!

इंजिन धडधडू लागलं. हे हिंदीतून गरजले, "भाइयो, ढीला कपड़ा मौत है!" आणि वाऱ्यानं उडालेला सोगा थेट यंत्राच्या फिरत्या पट्ट्यात! वृंदा शेवया ओढते तशी चाकानं धुती ओढायला घेतली. हे एका पायावर नाचू लागले. लोकांना वाटलं, हा प्रयोगच! टाळ्या! मग यांची किंकाळी ऐकून चौघे धावले आणि यांनाच ओढू लागले. इकडे चौघे, तिकडे इंजिन, मधे माझा नवरा!

मी बाळ यांच्या साहेबांच्या, चक्रवर्तीबाबूंच्या, हातात कोंबलं, धावले आणि दांडा खाली ओढला. धप्! पातं यांच्या पावलापासून वीतभरावर थांबलं. मी खाली बसून पाऊल चाचपलं. पाचही बोटं जागेवर!

आणि हे काय बोलले असतील? "पदर घेऊन तू यंत्राजवळ आलीसच कशी?"

अर्धी धुती चाकाच्या पोटात, उरलेली मुठीत, आणि नियम मला!

तेवढ्यात ओल्या बाळाला अंगापासून दूर धरत चक्रवर्तीबाबू आले. "कमाल! ऐसा प्रयोग कभी नहीं देखा! अगले महीने वर्धमान में भी यही चाहिए. धोती के साथ!"

आता तरी यांनी खरं सांगावं की नाही? छे! वाकून नमस्कार करून मोकळे!

परतीच्या सियालदहच्या गाडीत, कमरेला माझी शाल गुंडाळून, यांनी फर्मान काढलं, "वर्धमानला तू यायचं नाहीस. शिस्त म्हणजे शिस्त!"

मी रागानं खिडकीकडे तोंड फिरवलं. वृंदानं माझा पदर ओढला.

"आई, मग तिथे दांडा कोण ओढणार?"