पायाळू

जान्हवीच्या कंबरदुखीला खरं नाव मिळायला अकरा वर्षं लागली होती. सासूबाईंनी ते एका सकाळीत बदललं.

नाव होतं एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आतलं अस्तर बाहेरच कुठेतरी रुजतं, दर महिन्याला तिथेच सुजतं, आणि पाठीच्या तळाशी कुणीतरी ओली चादर पिळत बसल्यासारखं दुखतं. घाटकोपरच्या डॉक्टरीणबाईंची तारीख तीन महिन्यांनी मिळाली होती. आज, अकरा वाजता. बारानंतर त्या ऑपरेशनला निघून जात.

पण मुलुंडच्या त्या इमारतीत कुणाचं दुखणं एकट्याचं राहत नसे. आदल्या दिवशी जिन्यात जान्हवी कठड्याला धरून वाकलेली दिसली आणि शेजारणींनी सासूबाईंना, द्रौपदीबाईंना, गाठलं. पाळीचं दुखणं चारचौघींत सांगायचं कसं? त्यांनी सांगितलं, सुनेला उसण भरलीय. आणि उसणीला पायाळू माणसाचा पाय लागावा लागतो, जन्मताना ज्याचे पाय आधी आले अशाचा. सकाळी सातला इमारतीच्या ग्रुपवर विचारणा झाली. साडेसातला त्यांनी कणकवलीला विहीणबाईंना फोन लावला.

फोन ठेवताना त्यांचा चेहरा उजळला होता. "अगो, तुझी आवस सांगता, तूच पायाळू! इतकी वर्षां बोललंस कशी नाय?"

"मला दुखतंय, एवढं मात्र बोलत होते," जान्हवी म्हणाली. ते ग्रुपवर टाकण्याजोगं नव्हतं; ती पायाळू असल्याचं मात्र लगेच पडलं.

नऊ वाजता तिसऱ्या मजल्यावरच्या सुगंधाताई हॉलमधल्या चटईवर पालथ्या झाल्या. त्यांच्यामागून आणखी तिघी. ओढणीखाली गरम पाण्याची पिशवी बांधून, भिंतीचा आधार घेत जान्हवी एकेकीच्या कमरेला टाच लावत होती. प्रत्येक जण उठून म्हणे, "गेली गं." कुठे गेली असेल, हे तिला ठाऊक होतं.

साडेदहाला तिने आपली दवाखान्याची फाइल मागितली. कपाटाखालच्या खणातून ती काढायला हर्षद वाकला आणि तसाच राहिला. सगळ्यांचीच कंबर दुखते, जरा व्यायाम कर, असं लग्नापासून सांगत आलेला तिचा नवरा.

"आई गं! जानू, वाट लागली यार. हलताच येईना."

त्याला पलंग मिळाला, हळदीचं दूध मिळालं. जान्हवीच्या ओढणीखालची गरम पिशवीही मिळाली, कारण घरात एकच होती. ऑफिसात त्याने फोन केला, "पाठ धरलीय," आणि दोन शब्दांत रजा झाली. जान्हवीची रजा पोटदुखी, ताप आणि एका चुलत आजीच्या मरणावर मिळत आली होती.

"जाण्याआधी पाय लाव ना गं," तो कण्हला. "मरतोय मी."

तिने पाय लावला, गरजेपेक्षा किंचित जोरात. तो उठून बसला. "झकास! तुला कळतंय का, केवढी पॉवर आहे तुझ्यात?"

ती दवाखान्यात पोचली तेव्हा बाराला दहा मिनिटं उरली होती. रिसेप्शनवरच्या कुंदाबाईंनी मान वर केली नाही. "अकराची वेळ होती. आता पुढची तारीख घ्या, तीन महिन्यांनी."

"मला फार दुखतंय हो."

"इथे सगळ्यांनाच दुखतं, मॅडम. उशीर का झाला?"

खोटं रचायलाही त्राण नव्हतं. "मी पायाळू आहे. घरी रांग लागली होती."

कुंदाबाईंचं पेन थांबलं. डावा हात नकळत कमरेमागे गेला. "खरंच पायाळू? परवापासून मला चमक भरलीय. गोळीने जातच नाही."

जान्हवीने घड्याळ पाहिलं, मग कुंदाबाईंची पाठ. "आत सोडणार असाल तर लावते."

कुंदाबाईंनी इकडेतिकडे पाहून फायलींच्या खोलीचं दार उघडलं.

पाच मिनिटांनी डॉक्टरीणबाई तिचे रिपोर्ट चाळत होत्या. "अकरा वर्षं? आणि आत्ता येताय? एवढे दिवस करत काय होतात?"

जान्हवी खुर्चीत कशीबशी टेकली. उजवी टाच अजून ठणकत होती.

"दुसऱ्यांना पाय लावत होते, डॉक्टर. स्वतःच्या कमरेपर्यंत तो पोचत नाही."