आधी सरकी, मग तोंड

आमच्या पारोळ्याकडच्या शाळेत कोकिळाबाईंच्या टेबलावर छडी नसते, कापसाचं गाठोडं असतं. पोरगं चिडलं, पाटी आपटली, कोणाला चावलं, की बाई त्याच्या हातात मूठभर कापूस देतात. "आधी सरकी, मग तोंड!" सात सरक्या काढायच्या, मगच भांडण सांगायचं. जोर लावला तर रुई तुटते, निम्मी बीलाच चिकटून राहते. हळू ओढली तरच सुटते. हात हळू झाला की राग टिकत नाही, असं बाईंचं म्हणणं. एकदा तपासणीचे साहेब आवाज चढवायला लागले, तर त्यांनाही कापूस दिला. साहेबांनी तीनच काढल्या, पण जाताना चहा घेऊन गेले.

मी चौथी नापास. मला ही थेरं वाटायची. माझी बायको गेली तशी नात चिऊ वर्गात वह्या फाडायला लागली. आजीनेच वाढवलेली ती. बाई तिला रोज कापसाला बसवतात हे कळलं, तसा मी तरातरा शाळेत गेलो. पोरीचं नावच काढून आणणार होतो.

"आम्ही पोरले शिकाले धाडतस, कापूस निवडाले नही!"

"आबा, आधी सरकी." बाईंनी माझ्या मुठीत कापूस कोंबला. सगळा वर्ग बघत होता.

जन्मभर कापूस पिकवला मी. सरकी काढायची ती बायको, देवाच्या वातींसाठी. मी पहिल्या दोन हिसकल्या.

"आबा, असं नही ना, तुटस ते," चिऊ कुजबुजली.

पाचवीला हात संथ झाला अन् डोळे गळायला लागले. काय भांडायला आलो होतो तेच आठवेना. राहिलेल्या दोन चिऊने काढून दिल्या. नाव काढायचं राहिलं ते राहिलंच.

शाळा सुटल्यावर विचारलं, "बाई, एवढ्या रुईचं करता काय?"

त्यांनी कपाट उघडलं. आत एक उशी होती. "ही पोरांची. ज्याला रडायचं असेल त्याला." उशीमागे जाडजूड गादी गुंडाळलेली.

"अन् ही?"

"ही माझी." बाई हसल्या. "सरक्या तर काढते, आबा. पण मग तोंड उघडायला घरी कोणी नसतं."

आता शाळा सुटली की मी लगेच चिऊला घेऊन निघत नाही. पायरीवर बसतो. बाई शेजारी बसून सात सरक्या काढतात.

"हं, बोला," मी म्हणतो.