निकामी वस्तूचे उड्डाण

भांडारपालाने भंगारातून बनवलेलं ड्रोन उडालं आणि खिडकीतून निघून गेलं. अर्थात, असं काही झालेलं नाही. खिडकी त्या दिवशी बंदच होती, असं शिपायाने कोणी न विचारताच दोनदा सांगितलं.

भांडारपालाची बायको दुसऱ्या गावी नोकरीला. चार वर्षं खेटे घातल्यावर त्याची तिकडे बदली झाली होती, आणि गाडं अडलं होतं ते भांडार तपासून मिळणाऱ्या ना-हरकत दाखल्यावर. वाट बघताना माणूस नखं खातो. याने बाद झालेल्या सीडी ड्राइव्हच्या चार मोटरी काढल्या, दोन फुटपट्ट्या फुलीसारख्या चिकटवल्या, जोडावर लोखंडी पट्टी ठोकली आणि प्लास्टिकच्या फाइलीतून पाती कापली. सर्किट आणि रिमोट भाच्याच्या मोडक्या हेलिकॉप्टरचे. महिनाभर ते टेबलावर नुसतं गुरगुरलं. जागचं हललं नाही.

मग तपासणीबाई आल्या. स्वतःच्या सावलीकडेही ओळखपत्र मागतील, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी कपाट उघडलं.

"हे काय?"

"पंखा आहे, मॅडम."

"तोंड वर करून कोणाला वारा घालतो?"

"छताला."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग मोटरी बाद करतानाचा दाखला काढला. 'सदर चारही मोटरी पूर्णतः निकामी आहेत', खाली भांडारपालाचीच सही. मोटरी चालल्या तर दाखला खोटा, आणि दाखला खोटा तर बदली रद्द, असा हिशेब बाईंनी अगदी गोड आवाजात समजावला आणि यंत्र सुरू करायला फर्मावलं.

आपलं यंत्र बिघडावं म्हणून देवाला साकडं घालणारा तो पहिलाच कारागीर असावा. बाई चष्मा पुसत होत्या तेवढ्यात त्याने जोडावरची पट्टी उपसून खिशात टाकली. आता बटण दाबताच सगळं खिळखिळं होऊन पडणार होतं.

पण गोंद पक्का निघाला. आणि महिनाभर ज्या ओझ्याने यंत्राला टेबलाशी धरून ठेवलं होतं, ते आता भांडारपालाच्या खिशात होतं.

ड्रोन अलगद उठलं, बाईंच्या अंबाड्याला एक प्रदक्षिणा घालून बाहेर पडलं आणि समोरच्या गच्चीपलीकडे दिसेनासं झालं.

"तुम्ही हसलात," बाई म्हणाल्या.

"नाही, मॅडम."

"मी पाहिलं."

"मग बाकीचंही पाहिलं असेल."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. यंत्र सुरू करण्याचा हुकूम त्यांचाच होता. तपासणी चालू असताना सरकारी वस्तू पळाली, हे त्यांनाही परवडणारं नव्हतं. काहीही उडालेलं नाही, यावर दोघांचं लगेच एकमत झालं. फक्त, उडालं नाही तर ते आहे कुठे, एवढाच रकाना मोकळा राहिला, आणि तो भरेपर्यंत ना-हरकत देता येणार नव्हती.

बायकोला फोनवर त्याने सगळं सांगितलं. वर किती छान गेलं, हेही सांगितलं.

"ते गेलं," ती म्हणाली. "तू कधी निघतोस?"

त्याने फोन ठेवला आणि अर्ज लिहायला घेतला:

'सदर वस्तू पूर्णतः निकामी असल्याने ती उडून जाणे शक्य नाही. सबब ती कपाटातच आहे असे समजण्यात यावे. तशी ती नसल्यास, तिला कार्यालयीन वेळेत समक्ष हजर होण्याचे आदेश आपल्या स्तरावरून निर्गमित करावेत व अर्जदारास कार्यमुक्त करावे, ही विनंती.'