भिंतीतल्या समुद्राची देखरेख व्यवस्था

घरात माणसांपेक्षा मोठी अशी एखादी वस्तू असल्याशिवाय घराला शिस्त लागत नाही. माईंनी आपल्या संसारात अशा पुष्कळ वस्तू येताना पाहिल्या होत्या. टेलिफोन आला तेव्हा तो बैठकीत मानाच्या जागी बसला आणि माईंनी त्याला भरतकामाचं झाकण शिवलं. फ्रिज स्वयंपाकघरात गेलाच नाही. आल्यागेल्याला दिसावा म्हणून तो दाराजवळ उभा राहिला आणि त्यालाही झालर मिळाली. टीव्हीला तर लाकडी दारं होती, दारांना कुलूप होतं, आणि किल्ली माईंच्या यजमानांच्या खिशात असे (दागिन्यांच्या कपाटाची किल्ली खिळ्याला लटकत असे). दर वेळी नव्या वस्तूसाठी घरातल्या कोणीतरी थोडं सरकायचं असे. हे 'कोणीतरी' बहुधा माईच असत, आणि इतक्या वर्षांच्या सरावाने त्यांना सरकणं चांगलं जमू लागलं होतं.

त्यामुळे एका रविवारी थोरल्या मुलाने, "माई, आपण भिंतीत समुद्र बसवतोय," असं जाहीर केलं तेव्हा त्यांनी थेट मुद्द्याचं विचारलं.

"मी कुठे सरकू?"

"लगेच नाही गं. अजून आराखडा व्हायचाय."

पूर्वी लोक समुद्र पाहायला जात. त्यात प्रवास, वाळू आणि इतर माणसं अशा तीन गैरसोयी होत्या. समुद्रच घरी आणला की तिन्ही टळतात. मात्र तो भिंतीत हवा. टेबलावर ठेवली तर ती माशांची पेटी, भिंतीत बसवली की तो प्रकल्प. पेटीला कोणी सल्लागार नेमत नाही. प्रकल्पाला नेमावा लागतो.

सल्लागार आला. किडकिडीत, मृदू आवाजाचा, आणि भिंतीवर टकटक करून कान लावणारा. (एवढ्या आस्थेने या घरात यापूर्वी कोणी कोणाचं ऐकून घेतलं नव्हतं.) तो 'मासे' म्हणत नसे, 'रहिवासी' म्हणे. घरातल्या माणसांना तो 'प्रेक्षक' म्हणे. त्याने समजावून सांगितलं की, भरलेल्या टाकीचं वजन म्हणजे सगळे नातेवाईक एकाच कोपऱ्यात कायमचे उभे केल्यासारखं. तेवढं वजन जमीन पेलेल का हे तपासायला एक इंजिनियर येऊन गेला. "नातेवाइकांपेक्षा टाकी परवडली," सूनबाई म्हणाल्या. "पलीकडचं दिसतं तरी."

मग सल्लागार मूळ विषयाकडे वळला. "बैठकीत दिसतो तो समुद्राचा चेहरा. त्याची आतडी मागे लागतात." आतडी म्हणजे खालची मोठी टाकी, पंप, पाणी थंड राखणारं यंत्र, पाण्यातली घाण फेसावाटे उपसणारं यंत्र आणि मीठ कालवायचं पिंप. भिंतीच्या मागे माईंची खोली होती.

"यंत्रखोलीला काय काय लागेल?" मुलाने विचारलं.

सल्लागाराने बोटांवर मोजत सांगितलं. खोलीची हवा ना फार गरम, ना फार गार. पाय घसरणार नाही अशी फरशी. दार रुंद. बटणं वाकावं लागणार नाही इतक्या उंचीवर. धरायला भिंतीला दांडी. वीज गेली तरी चालू राहील अशी दुसरी वीज. आणि मोठ्याने बोलणं, दारं आपटणं बंद, कारण रहिवाशांना ताण येतो.

माई ऐकत होत्या. गुडघ्याच्या डॉक्टरांनी त्यांच्यासाठी नेमकं हेच सांगितलं होतं (ताणासकट). पण तो विषय बरीच वर्षं घरातल्या 'बघू' विभागात प्रलंबित होता. 'बघू' हा या घरातला सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा विभाग. तिथे गेलेला कागद हरवत नाही; तो फक्त परत येत नाही. समुद्राचा कागद त्या विभागात गेलाच नाही. दुपारच्या जेवणाआधी सगळं मंजूर झालं आणि पंधरवड्यात माईंची खोली घरातली सर्वांत चांगली खोली झाली.

आता माईंनी तिथून जायचं एवढंच उरलं.

आधी त्यांच्यासाठी अडगळीची खोली ठरली. पण सल्लागार म्हणाला, नवा रहिवासी आला की त्याला काही आठवडे वेगळं ठेवून पाहावं लागतं, आजारबिजार नाही ना याची खात्री करावी लागते. त्यासाठी अडगळीची खोली उत्तम. मग थोरल्याने धाकट्याला फोन लावला. धाकटा दूरच्या गावी राहत असे. त्याच्याकडे 'बघू' विभागाची शाखा होती.

"थोडेच दिवस त्याच्याकडे जायचं गं, माई," थोरला म्हणाला. "समुद्र स्थिरावेपर्यंत."

"समुद्र किती दिवसांत स्थिरावतो?"

थोरल्याने आराखडा उलगडला. त्या दिवशी माई प्रथमच समुद्राच्या बैठकीला खुर्ची ओढून बसल्या. याच घरात त्यांची दोन्ही मुलं रांगली होती, इथेच यजमान गेले होते. आणि दर वेळी थोडंथोडं सरकत आलेल्या माणसालाही उंबरठा कुठे आहे ते ठाऊक असतं.

सल्लागार धोक्याच्या घंटेबद्दल सांगत होता. पंप बंद पडला की घंटा वाजेल, आणि वाजली की लगेच कोणीतरी यंत्रखोलीत पोचून लाल बटण दाबलं पाहिजे. "रात्री असो, दुपारी असो. कोण आहे असं?"

"हे नकोत," सूनबाई म्हणाल्या. "यांच्या उशाशी ढोल वाजवा, हे कूस बदलतील."

"आणि तू? कानात बोळे घालून झोपतेस."

"ते कोणाच्या घोरण्यामुळे?"

नातीने मोबाइलमधून मान न काढता सांगितलं, "मला जमणार नाही. परीक्षा आहे."

"कधी?"

"कधी ना कधी असतेच."

तेव्हा माई म्हणाल्या, "मला मेली झोपच लागत नाही. कुठे खुट्ट झालं तरी टक्क जाग येते. आणि दिवसभर तर मी घरीच."

ही तक्रार त्या पूर्वीपासून करत आल्या होत्या. सल्लागाराला मात्र ती तक्रार वाटली नाही. एखादं दुर्मिळ यंत्र पाहावं तसं त्याने माईंकडे पाहिलं आणि मुलाला विचारलं, "ही सोय तुमच्याकडे आधीपासून आहे?"

"हो," मुलगा अभिमानाने म्हणाला. "पहिल्यापासून."

"मग हलवू नका. चालू स्थितीतली गोष्ट एकदा हलवली की पूर्वीसारखी बसत नाही."

"असं मुलगे सांगत नाहीत हो," माई म्हणाल्या. "बरं झालं तुम्ही आलात."

आराखड्यात फेसाचं यंत्र आणि मिठाचं पिंप यांच्यामध्ये एक लांबट चौकोन काढण्यात आला आणि आत लिहिण्यात आलं: देखरेख व्यवस्था. तो चौकोन म्हणजे माईंची खाट. खारट हवेने लोखंड गंजतं म्हणून खाट नवी, लाकडी आली. (जुन्या खाटेची पट्टी पाठीत रुतते, हा विषयही कुठल्या विभागात होता ते सांगायला नको.)

टाकी भरली. पण समुद्रात लगेच मासे सोडता येत नाहीत. पाणी आधी मुरावं लागतं. त्यामुळे बरेच आठवडे घरी येणाऱ्या पाहुण्यांना नुसतं पाणी आणि दगड दाखवण्यात आले. पाहुण्यांनी दगडांचं मनापासून कौतुक केलं. एका आत्यांना तर त्यात मासाही दिसला.

पुढे खरे रहिवासी आले आणि घराला शिस्त लागली. टाकीत दिवा हळूहळू उजाडे आणि हळूहळू मावळे, त्याप्रमाणे घरही उठू-झोपू लागलं. दारं आपटायची बंद झाली. भांडणं हलक्या आवाजात होऊ लागली आणि हलक्या आवाजात भांडण फार वेळ चालत नाही, असा घरच्यांचा अनुभव आहे. यंत्रखोलीत कायम गारवा, म्हणून नात अभ्यासाला तिथेच येई (अभ्यास दिसला नाही, पण नात दिसू लागली). मुलाच्या फेऱ्यांत तर भरघोस वाढ झाली. पूर्वी तो जेवणाची हाक द्यायला दारापर्यंत येई, आता सकाळ-संध्याकाळ आत येऊन तापमानाच्या काट्यावर वाकून विचारी, "काय, सगळं ठीक ना?"

"ठीक आहे," माई खाटेवरून सांगत.

काटा बोलत नसल्यामुळे या संवादाने दोघांचंही समाधान होई.

एका दुपारी घरात कोणी नसताना घंटा वाजली. माई उठल्या, दांडी धरून गेल्या, लाल बटण दाबलं. पंप खोकला आणि सुरू झाला. संध्याकाळी ही बातमी ऐकून मुलाचा चेहरा उतरला.

"त्यांना काही झालं नाही ना?"

"काही नाही. मजेत आहेत. मलाच परत येताना चक्कर आली, बराच वेळ खाली बसून होते. पण त्यांनी पाहिलं नसावं."

"नशीब," मुलगा म्हणाला. "ते लगेच घाबरतात."

दुसऱ्याच दिवशी त्याने घंटेजवळ हाताची एक मऊ खुर्ची आणून ठेवली, देखरेख व्यवस्थेत खंड पडू नये म्हणून. माईंनी ती आल्यागेल्याला कौतुकाने दाखवली.

ही हकीकत आजवर ज्यांना-ज्यांना सांगितली, त्यांनी मान डोलावली, हसले, मुलाला यथास्थित नावं ठेवली. आणि शेवटी प्रत्येकाने न चुकता विचारलं, ते सगळं ठीक, पण मासे कुठले होते? माईंना चक्कर कशाने आली, हे विचारणारा अजून भेटायचा आहे. तुम्हीही इतका वेळ मनात तेच धरून असाल, तर उगाच ताटकळत ठेवत नाही. नारिंगी, अंगावर पांढरे पट्टे. जोडी आहे. दोघांची तब्येत उत्तम आहे.