आंबट पाण्यातले उपाशी जीव

"काकू, या तीन बाटल्यांना हात लावायचा नाही. आणि आत काही घालायचं तर मुळीच नाही!"

दोन दिवसांसाठी उमरठला निघताना अमिता बजावून गेली. संजीवनीकाकू मनात हसल्या. जीव सांभाळायला त्यांना शिकवायचं? चातुर्मासात मुंग्यांना साखर घातल्याशिवाय चहा न पिणारी बाई ती!

पण बाटल्यांत काय आहे तेही पुतणीनं सांगितलं, आणि तिथंच घोटाळा झाला. कॉलेजच्या प्रकल्पासाठी कुडपणहून आणलेल्या मातीतले जीवाणू! एका बाटलीत पाणी थोडं आंबट, दुसरीत जास्त, तिसरीत चिंचेच्या कोळासारखं. खाणं अगदी मोजकं. कोण तग धरतो ते बघायचं. "आंबट आत शिरलं की ते बाहेर उपसतात, काकू. काही तर अंगावर चिकट पांघरूण ओढून बसतात!"

काकूंच्या घशाखाली भगर उतरेना. देवघराशेजारच्या खिडकीत कोट्यवधी जीव उपाशीपोटी उपसा करतायत, आणि आपण फराळ करायचा? दुपारी त्यांनी नवऱ्याच्या, आबाजींच्या पानाच्या डब्यातला चुना प्रत्येक बाटलीत चिमूटभर टाकला, आंबटपणा मोडायला. वर गुळाचा चांगला मोठा खडा. झाकणं गच्च पिरगाळली. हात लावायचा नाही, ही आज्ञा मात्र पाळली. फडक्यानं धरल्या!

तिसऱ्या दिवशी सकाळी फट्! एक झाकण उडून थेट आबाजींच्या चहात. पाठोपाठ दुसरं, तिसरं. फेस खिडकीतून ओसरीवर आला आणि वास पार गल्लीच्या टोकाला गेला. शेजारची सोनाबाई नाकाला पदर लावून धावली.

"काय गो संजीवनी, दारू गाळतेस काय?"

आता, नैवेद्य होईपर्यंत काकूंचं रोजचं मौन. त्यांनी चिमटीनं 'एवढेसे जीव' दाखवले, मग बोटं तोंडाशी नेली.

"थोडी थोडी घेतेस? उपासाला?"

काकूंनी कानांना हात लावले आणि देव्हाऱ्याकडे बोट केलं.

"अगो बाय! देवाला पन पाजलीस?"

आबाजी पंच्यात तोंड खुपसून हसत होते. बायकोची बाजू घेण्याच्या अवस्थेत ते नव्हते.

नैवेद्य झाला आणि दारात अमिता उभी. बाटल्या बघून ती पायरीवरच बसली.

"आंबट पाण्याची सवय लावायला तीन महिने लागले, काकू. तुम्ही दोन दिवसांत जावयासारखे लाड केलेत त्यांचे! सोमवारी सर तपासणार. निदान नवी माती तरी दाखवावी लागेल, नाहीतर माझं वर्ष गेलं. आणि आज-उद्या माझी प्रॅक्टिकलं आहेत."

काकूंचा आवाज आधीच मऊ, तो आणखी खाली गेला. "तीच माती उद्या संध्याकाळी तुझ्या हातात देईन. जागा सांग."

"शाळेमागचा कातळ, करवंदीच्या जाळीखाली. उकळलेला चमचा, कोरी पिशवी. आणि काकू, दया करायची नाही!"

"नाही करणार."

दुसऱ्या दिवशी आबाजी उठले तेव्हा घर शांत होतं. पोलादपूरची पहिली एसटी केव्हाच सुटली होती. सव्वीस वर्षांत काकूंची सकाळची पूजा पहिल्यांदाच चुकत होती. देव्हाऱ्यात समईखाली एक चिठ्ठी होती:

"कुडपणला जाते. आज देवांना आंघोळ तुम्ही घाला. साबण लावू नका."