पत्रिकेचं प्रूफ

रुपचंद नानांनी प्रिंटचं बटण दाबलं आणि हाताची घडी घालून ते प्रिंटरकडे बघत बसले. प्रिंटर ढिम्म. त्यावरचा विणलेला रुमाल काढून पाहिला, कागदांचा गठ्ठा थोपटून सारखा केला, बटण पुन्हा दाबलं. तरी काही नाही म्हटल्यावर संतापून चार-पाच वेळा लागोपाठ दाबलं. भिंतीपलीकडून तेवढा खर्र-खर्र असा आवाज येत होता. तिकडे मिक्सर चालू असेल, असं म्हणून नानांनी नाक मुरडलं. भिंतीपलीकडच्या माणसांचं नाव या घरात दोन वर्षं कोणी घेत नव्हतं, मग त्यांच्या मिक्सरचं कशाला घ्या.

"माझ्या प्रिंटरला कोणी हात लावला?" त्यांनी आत आवाज दिला.

सुगंधाबाई लग्नाच्या बिबड्यांचं, म्हणजे ज्वारीच्या पापडांचं, पीठ शिजवत होत्या. "मी कसाले हात लावू? माले काय समजस त्यामधलं?"

"मग हा छापत का नाही?"

"त्यालेच इचारा."

नाना एसटीत वाहतूक नियंत्रक होते. धुळ्याच्या स्टँडवर माईक हातात धरून कोणती गाडी कोणत्या फलाटावरून सुटेल हे त्यांनी उभी नोकरी सांगितलं. आपण सांगूनही एखादी वस्तू जागची हलत नाही, हे त्यांना सहनच होत नसे. दुसरी एक खोड होती. काम झालं की बंद. पंखा बंद, नळ बंद, कॉम्प्युटर बंद, आणि प्रिंटरचं तर थेट बोर्डावरचं बटण बंद. त्यामुळे झालं असं, की पडद्यावर प्रिंटरांची यादी उघडली तेव्हा त्यांचा प्रिंटर फिकट दिसत होता आणि त्याच नावाचा दुसरा एक ठळक. नानांनी ठळक निवडला. जो तरतरीत दिसतो त्यालाच काम सांगावं, हे ते डेपोतच शिकले होते.

छापायचं होतं लेकीच्या, सुलक्षणाच्या लग्नपत्रिकेचं प्रूफ. ते आजच्या आज तोतारामच्या प्रेसवर पोचायला हवं होतं, कारण नवरदेवाकडचे दोंडाईचाचे लोक पत्रिकेसाठी रोज फोन करत होते. आता पत्रिकेतली नावं म्हणजे काय दुखणं असतं, ते ज्याच्या घरी लग्न निघालंय त्यालाच ठाऊक. एक मेव्हणा वर चढला की दुसरा जेवायला येत नाही. पण नानांचं खरं दुखणं मेव्हण्यांचं नव्हतं. ते होतं सख्ख्या धाकट्या भावाचं, भाईदासचं.

भाईदासच्या मुलाच्या, कुंदनच्या लग्नात माईकवरून एकेकाचं नाव पुकारून फेटे बांधत होते. गावचे सरपंच झाले, व्याही झाले, कोण कुठल्या पतपेढीचा संचालक तोही झाला. नाना डोक्यावरची टोपी काढून, केस बसवून तयार होते. त्यांचं नाव काही आलं नाही. ज्या माणसाने जन्मभर माईकवरून दुसऱ्यांना पुकारलं, त्याला सख्ख्या पुतण्याच्या लग्नात कोणी पुकारलं नाही. नाना न जेवता उठले. भाईदासचं म्हणणं, मोठा भाऊ म्हणजे घरचा यजमान, आणि यजमानाला फेटा कोण बांधतो? बोलाचाली वाढली. देवपुरात दोघांची घरं एका भिंतीला लागून, अंगण एकच. त्या अंगणातही मधोमध विटा चढल्या.

आणि आज सकाळी बँकेत निघताना सुलक्षणा स्कूटीला किल्ली लावता लावता म्हणाली होती, "नाना, काकांचं नाव पत्रिकेत नसेल आणि काका मांडवात नसतील, तर मी हळदीला बसणार नाही. मग दोंडाईचावाल्यांना काय सांगायचं, ते तुम्ही माईकवरून सांगा."

पोरीने आवाजही चढवला नव्हता. ही बोलते ते करते. पण म्हणून काय मोठ्या भावाने खाली मान घालून जायचं? भाईदासने आधी यावं, चुकलं म्हणावं, मग नाव. तोवर पत्रिका बिननावाची कशी दिसते ते तरी बघू, असं ठरवून त्यांनी ती छापायला घेतली होती, आणि इथे कागदच बाहेर येत नव्हता.

त्यांनी रागारागाने फाइल मिटली, कॉम्प्युटर बंद केला. चहा घेतला. थंड डोक्याने पुन्हा चालू केला आणि फाइल उघडली. निमंत्रकांत त्यांच्या नावाखाली ओळ होती, 'श्री. भाईदास सुपडू पाटील'.

नानांनी चष्मा पुसला. ओळ तिथेच.

"सुगंधा, हे तू लिहिलंस?"

"काय लिहिलं?"

"याचं नाव."

"कोनं?"

"त्याचं. नाव घ्यायला लावू नको मला."

सुगंधाबाई पिठाचा हात घेऊन दारात आल्या, पडद्याकडे पाहिलं, आणि "चांगलं दिसस," म्हणून परत गेल्या. नानांचं माथं भणाणलं. सुलक्षणाने जाता जाता लिहून ठेवलं असणार, दुसरं कोण.

आता इथली भानगड सांगायला हवी, कारण नानांना ती माहीत नव्हती. दोन्ही घरांत इंटरनेट आलं तेव्हा भाऊ एक होते, म्हणून वायरही एकच आली. पुढे अंगणात भिंत बांधताना गवंड्याला वायर आडवी आली. ती तोडायची कशाला, म्हणून त्या भल्या माणसाने वीट घासून तिला वाट करून दिली. अबोला धरताना भावांनी सगळं आठवणीनं बंद केलं. वाटीभर साखर बंद, विरजण बंद, दिवाळीचा फराळ बंद. इंटरनेट बंद करायचं राहिलं. सुलक्षणा आणि कुंदनची बायको डिंपल या दोघींचं गूळपीठ. दोघींनी दोन्ही घरांतले कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकमेकांना जोडून टाकले होते, आणि इंटरनेटवर 'लग्न' नावाचा एक फोल्डर असा ठेवला होता, की त्यातली फाइल इकडूनही उघडता यावी आणि तिकडूनही. बस्त्याचे फोटो त्यातून जात-येत, आणि पत्रिकेची फाइलही त्यातच होती. प्रिंटर दोन्हीकडे एकाच कंपनीचा होता, कारण दसऱ्याला एकाच दुकानात एकच स्कीम होती आणि दोघे भाऊ, एकमेकांची नजर चुकवत, तिथेच गेले होते.

म्हणजे नानांची बिननावाची पत्रिका छापली गेली होती. चांगली सहा-सात वेळा. भाईदासच्या घरात.

नानांनी ओळ खोडली. मग हात अडखळला. हळदीला न बसलेली पोर डोळ्यांपुढे आली. बरं, नाव टाकू, पण जागा दाखवून टाकू. त्यांनी भाईदासला थेट सातव्या नंबरवर नेऊन बसवलं, मेव्हण्याच्या मेव्हण्याखाली. छापलं. भिंतीपलीकडे खर्र-खर्र झालं, इकडे कागद नाही. फाइल बंद, कॉम्प्युटर बंद. अंगणात फेऱ्या मारल्या आणि पुन्हा उघडलं.

भाईदास तिसऱ्या नंबरवर आला होता. वर मेव्हण्याच्या नावापुढचं 'श्री.' कोणीतरी काढून टाकलं होतं.

"या कॉम्प्युटरला भूतबाधा झाली आहे," नाना म्हणाले.

"उतारा टाका मंग," आतून उत्तर आलं.

नाना इरेला पेटले. त्यांनी भाईदासला नवव्या नंबरवर ढकललं. परत येऊन पाहतात तर तो दुसऱ्या नंबरवर, आणि 'श्री.'चं 'श्रीमान' झालेलं. एवढी अरेरावी पाहून नानांनी खुर्ची पुढे ओढली. आजकाल पत्रिकेच्या तळाशी 'कृपया आहेर आणू नये' असं छापतात. नानांनी त्या ओळीखाली, दात-ओठ खात, एकेक अक्षर शोधून टाइप केलं, 'ज्यांनी फेट्याचा मान दिला नाही, त्यांनी स्वतःलाही आणू नये.' छापलं. खर्र-खर्र. बंद केलं. या खेपेला त्यांना चहासुद्धा सुचला नाही. खुर्चीतच बसून राहिले, थोड्या वेळाने कॉम्प्युटर चालू केला.

त्यांच्या ओळीखाली नवी ओळ होती, 'यजमानाला फेटा कोण बांधतो?'

हे वाक्य बोलणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच होता. नाना खुर्चीतून उठले ते तसेच उभे राहिले. सगळा उलगडा झाला असं नाही, वायर-बियर त्यांना अजून ठाऊक नव्हती, पण चोर कळला.

"माझ्या कॉम्प्युटरमध्ये शिरतो? माझ्या पोरीच्या पत्रिकेत? जातो आणि तोंडावर विचारतो. पण पुरावा हातात पाहिजे, आणि हा मेला प्रिंटर..."

"बोर्डवरनं बटन बंद शे," सुगंधाबाई म्हणाल्या आणि त्यांनी ते दाबलं. प्रिंटरला दिवा लागला. यादीतला फिकट प्रिंटर ठळक झाला आणि नानांनी या खेपेला तोच निवडला. कागद गुपचूप बाहेर आला, वर गणपती, खाली नावं, तळाशी फेट्याची भानगड. नानांनी तो ओढून घेतला. टोपी घातली, कारण भांडायला जायचं तरी बोडक्या डोक्याने कसं जावं, आणि ते फाटकाबाहेर पडले. अंगणातून चार पावलांवरचं घर, पण आता विटा असल्यामुळे गल्लीतून वळसा घालावा लागला. गल्लीने पाहिलं की रुपचंद नाना हातात पत्रिका घेऊन भावाच्या दारात निघालेत.

ओसरीवर भाईदास चष्मा लावून बसला होता. समोर खाटेवर कागदांचा ढीग. शेजारी डिंपल, सासऱ्याने सांगावं आणि हिने टाइप करावं, अशा थाटात. नानांना पाहून तिने पदर सावरला. भाईदासने आधी नजर चुकवली, मग त्याला आपलाही राग आठवला.

"सातवा नंबर? मेव्हण्याना मेव्हण्याखाले? तुले काही वाटनं नही, नाना?"

"माझ्या घरचा कागद तुझ्या घरात आलाच कसा?"

"तूच धाडी राहिना सकायपासून. बठ्ठा कागद आठेच शेतस, दख. पहिलामा मना नावच नही."

"मग वाचायचा नव्हता."

"मना प्रिंटर, मनी शाई, आनि वाचू पन नको?"

नाना तोंड उघडणार, तेवढ्यात आतून भाईदासची बायको भिकुबाई आली. हातात पाण्याचा तांब्या आणि कुंकवाचा करंडा. तिने दोघांच्या भांडणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "नाना पत्रिका लई येल शेतस," पत्रिका घेऊन आलेल्या पाहुण्याबद्दल बोलावं तशी ती डिंपलला म्हणाली. "पाट मांड." डिंपलने पाट मांडला आणि वाकून पाया पडली. भिकुबाईने नानांच्या कपाळाला कुंकू लावलं, त्यांच्या मुठीतला कागद अलगद सोडवून घेतला, त्याच्या कोपऱ्यालाही कुंकू लावलं आणि देवापुढे नेऊन ठेवला.

"मी पत्रिका द्यायला..." नाना म्हणाले. पुढचं 'आलो नाही' राहूनच गेलं. कुंकू लागलेल्या कपाळाने, भरल्या घरात, आपल्याच लेकीच्या लग्नाबद्दल नन्नाचा शब्द कसा काढायचा? आणि देवापुढे गेलेली पत्रिका परत मागायची कशी? ते पाटावर बसले. पाणी प्यायले. पाणी चांगलं थंड होतं, याचाही त्यांना राग आला.

भाईदासने चष्मा काढून मिटून ठेवला. "पत्रिका भेटनी," तो सावकाश म्हणाला. "पन आमंत्रण एकट्यानं आम्ही धरत नही. जोडीवरी येवाले पाहिजे. वहिनी कोठे?"

नानांच्या कानशिलाची शीर उडायला लागली. पण रीत ती रीत. ते तणतणत उठले आणि वळसा घालून घरी आले. सुगंधाबाई नवं लुगडं नेसून, अक्षतांची वाटी घेऊन ओट्यावर उभ्या.

"तुला कोणी सांगितलं?"

"कोनी कसाले सांगाले पाहिजे? मी कवयनी तयार शे. चला."

जोडीने परत गेले. भाईदासने मधल्या वेळात टोपी घातली होती आणि कधी नानांना पाहिलंच नाही अशा चेहऱ्याने तो पाटावर बसला होता. नानांनी दात आवळून, स्टँडवरच्या आवाजात, सहकुटुंब सहपरिवार अगत्याने येण्याचं आमंत्रण दिलं. सुगंधाबाईंनी अक्षता दिल्या. भाईदासने त्या कपाळाला लावल्या, थोडा विचार केला आणि म्हणाला, "दखू. जमनं ते येसू."

"जमनं ते?" नाना पाटावरून ताडकन उठले. भांडताना त्यांची शुद्ध भाषा पार सुटली. "पुतनीनं लगीन आनि जमनं ते? मांडवना बांबू कोन लई येई? तुना बाप?"

भाईदास उत्तर देणार होता. पण 'बाप' म्हटल्यावर त्याला काहीतरी आठवलं. त्याने समोरच्या ढिगातला एक कागद उचलला, दुसरा उचलला, तिसरा उचलला. मग सगळेच भराभर चाळले.

"नाना," तो हळूच म्हणाला, "बापनंच नाव ऱ्हाई गयं पत्रिकामा."

सुलक्षणा ही कोणाची नात, ती ओळच नव्हती. वैकुंठवासी सुपडू पाटलांचं नाव, जे सगळ्यांच्या वर असायला हवं, ते मुलांच्या नावांमध्ये आलं तेवढं सोडलं तर एकाही कागदावर नव्हतं. आपण कितवे आणि तू कितवा, या नादात दोघा मुलांना बाप आठवला नव्हता.

नानांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"तू मोठा," भाईदास म्हणाला. "तुना ध्यानमा ऱ्हावाले पाहिजे."

"आनि तू सकायपासून दुरुस्त करी राहिना, तुले दिसनं नही?"

"मी मनं नाव दखू का त्यासनं?"

"हाच, हाच तुझा स्वभाव..."

संध्याकाळी सुलक्षणा बँकेतून आली तेव्हा घराला कडी होती आणि काकांच्या ओसरीवरून दोघांचे आवाज गल्लीच्या टोकापर्यंत येत होते. बापाचं नाव मोठ्या अक्षरांत की त्याहून मोठ्या, यावर रण माजलं होतं. डिंपल टाइप करत होती, खोडत होती. सुलक्षणाने स्कूटी तिथेच लावली आणि उभ्या उभ्या प्रेसवर फोन लावला.

"तोताराम काका, पत्रिका आज जमणार नाही," ती म्हणाली. "नाही नाही, लग्न ठरल्याप्रमाणेच आहे. घरात भांडण चालू आहे. फार दिवसांनी निघालंय, जरा होऊ द्या."