हॅचरबाईंनी खजिन्याचा वास काढिला त्या मोहिमेची हकिकत

ही हकिकत थोर राजांची नव्हे, हत्तीघोड्यांची नव्हे, परंतु जीं माणसें लढलीं तीं खरीं लढलीं, आणि ज्यांनी लढावयास लाविलें त्यांस अद्याप लाज वाटली नाही, सबब कोणीं तरी लिहून ठेविलें पाहिजे म्हणोन लिहिली.

ओक्लाहोमा सुभ्यांत कॉटनब्लफ नामें कसबा. तेथें श्रीमती वर्लीन हॅचर, वय त्रेसष्ट, पूर्वी शाळेच्या मुदपाकखान्यांत तीनशें पोरांस रोज जेवूं घालीत, पुढें औषधी गांजाचें दुकान मांडून बसल्या. परवाना सुभ्याचा, मोहोर सुभ्याची, आणि महसूलही सुभा बिनतक्रार घेई. परंतु वॉशिंग्टनची पातशाही म्हणे गांजा तो हराम, आणि तमाम बँका पातशाहीच्या धाकांतल्या. चार वर्षांत पांच बँकांनी बाईंचें खातें उघडिलें आणि पांचांनीही खलिता पाठवून बंद केलें. एका हाताने विकण्याचा हुकूम द्यावा आणि दुसऱ्या हाताने गल्ला ठेवण्याची जागा काढून घ्यावी, यास राज्य म्हणत असतील तर दरोडेखोरांनी काय घोडें मारिलें?

अशांत ऑक्टोबर मासीं फर्मान आलें कीं परवान्याचें शुल्क बँकखात्यांतूनच भरावें, रोख घेणार नाही, मुदत शुक्रवार पांच वाजेतों, न भरल्यास दुकानास टाळें. आणि दुकानास टाळें म्हणजे एकशें बारा रोग्यांच्या औषधास टाळें, आणि त्यांतच बाईंची धाकटी बहीण नेल, जिची आंकडी त्या दुकानच्या तेलावांचून थांबत नसे. आंकडी फर्मान वाचत नाही.

मग बाईंनी मसलत करून बुधवारीं गुरेवाल्यांच्या पतपेढीवर कूच केलें. संगें पहारेकरी ओर्विल स्टब्ज, एके काळीं बैलावर बसून बक्षिसें मारणारा, आतां गुडघे धरून जिना उतरणारा. व्यवस्थापक डेल्बर्ट पिंकर्ड हा पांच बँकांहून दिलाचा मोठा. त्याने खातें देण्याचें कबूल केलें होतें. बाईंनी खजिन्याच्या पिशव्या मेजावर ठेविल्या आणि बंद सोडले, आणि पेढींतील तीन गिऱ्हाइकें तत्काळ दरवाज्याकडे हटलीं.

"वर्लीन, हे काय आणलंस?" डेल्बर्ट खिडकी उघडत म्हणाला.

"पैसे. बँकवाला ना तू? ओळखत नाहीस?"

"अगं, हे माझ्या तिजोरीत ठेवले तर पाद्रीबाबांच्या पगाराला गांजाचा वास येईल!"

"मग रविवारी भजनं तरी जरा खुशीत गातील."

गोष्ट ऐसी कीं कायद्याने गांजा सुकवण्याच्या खोलीस लोखंडी दार आणि दोन कुलुपें सक्तीचीं, आणि अवघ्या दुकानांत तेवढीच जागा भक्कम, म्हणोन बाईंनी खजिनाही तेथेंच ठेविला, हिरव्या मालाच्या कुशींत, चार वर्षें. चोर आला नाही. वास मात्र आंत शिरला तो शिरलाच. गांजावाल्यांखेरीज ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होणें नाही.

डेल्बर्टाने निकाल दिला कीं शुक्रवारीं दुपारीं पेढीचे तीन संचालक स्वतः नाकें लावून पाहतील, आणि तिन्ही नाकांस गांजा न कळला तरच खातें.

त्याउपरि युद्ध पेटलें. बुधवारीं सायंकाळीं गांवच्या धुलाईघरांतील वाळवणयंत्रांत खजिना लव्हेंडरच्या सुगंधी कागदांसह फिरविला, आणि नोटा बाहेर आल्या त्या गांजाच्या लग्नांत अत्तर सांडावें तैशा. मग गुरुवारीं सकाळीं दळलेल्या कॉफींत पुरिल्या. ओर्विलाने हुंगून पाहिलें.

"वर्लीनबाई, आता गांजा झोपेतून उठून नाश्ता करतोय असं वाटतंय."

"दात काढू नकोस. उद्यावर आलंय."

तेव्हां ओर्विल गंभीर जाहाला आणि म्हणाला, "आमच्या आजावर रानात स्कंक, तो घाण वासाचा प्राणी, फवारायचा ना, तेव्हा आजी त्याला घरात घेत नसे. कपडे काढून सीडरच्या लाकडाच्या धुरात टांगायची. आणि तुमचा माल नाही म्हटलं तरी स्कंकाच्याच जातीचा."

"मग कालपासून काय तोंडात बोळा होता?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

लगोलग ओर्विलाच्या परसांतील मांस धुरविण्याची लोखंडी पेटी, आकाराने गाडीएवढी, कामास लाविली. वीस-वीसच्या नोटा जाळ्यांवर हारीने मांडिल्या, आणि खालीं सीडर, वर हिकरीचें लाकूड, आणि आंच इतकी मंद कीं मांजरीने ऊब घ्यावी. बाईंनी मुदपाकखान्याची सारी विद्या पणास लाविली. प्रहरभर सर्व यथास्थित, आणि मग पेटींतील जुन्या चरबीने एकाएकीं पेट घेतला. ओर्विलाने कोणताही विचार न करितां दोन्ही हात आणि मुंडकें आंत घातलें, आणि बाईंनी हाताशीं होती ती बर्फाच्या गोड चहाची घागर पेटींत, नोटांवर आणि ओर्विलावर समग्र रिती केली. आग विझली. अकरा नोटांचे कोपरे गेले आणि ओर्विलाच्या दोन्ही भुंवया गेल्या.

"दिसतोय कसा मी?"

"उकडलेल्या अंड्यासारखा. पंखा आण, नोटा वाळवायच्यात."

शुक्रवारीं दुपारीं तीन संचालक बसले, तिघेही गुरेवाले, नाकें पिढीजात. पिशवी उघडिली. पहिल्याने हुंगलें आणि डोळे मिटले. दुसऱ्याने हुंगलें आणि आवंढा गिळला. तिसरा म्हातारा नोटांचा गड्डा नाकाशीं धरून सोडीना. बाईंनी घड्याळाकडे पाहिलें, चार वाजून गेले होते.

"ब्रिस्केट," म्हातारा म्हणाला. "हिकरीवर धुरवलेलं छातीचं मांस. डेल्बर्ट, आज आपण जेवलो का रे?"

"गांजा येतोय का, ते सांगा!"

"गांजा? पोरा, या पैशावर मला रस्सा ओतून खावासा वाटतोय. दे बाईला खातं."

तह ठरला तो येणेंप्रमाणें: खातें चालावें, परंतु बाई जेव्हां जेव्हां भरणा करितील तेव्हां तेव्हां पतपेढीने पातशाहीस संशयाचा कागद धाडावा. म्हणजे औषध विकणारी बाई दर आठवड्यास कागदोपत्रीं संशयित, आणि कागद लिहिणारा डेल्बर्ट तिच्याच दुकानांतून आईच्या सांध्यांचा मलम नेणार. बाईंनी सही केली, शिवी गिळली, आणि तेथेंच बसून शुल्क भरिलें. पावती आली ती पांचास वीस मिनिटें कमी असतां.

बाहेर येऊन बाई ओर्विलाच्या ट्रकांत बसल्या आणि बहिणीस फोन केला.

"नेल, पुढच्या महिन्याचं तेल ठेवलंय तुझं."

"ते तर नेहमीच ठेवतेस. काय झालं? बंद होणार होतं की काय?"

"छे गं. असंच सांगितलं."

आणि फोन ठेवून बाईंनी पावतीची घडी घालून पिशवींत ठेविली, आणि ओर्विलाने ट्रक दुकानाकडे वळविला.

येणेंप्रमाणें कॉटनब्लफची लढाई फत्ते जाहाली. मृत कोणी नाही. जखमी, दोन भुंवया. लूट, पंचवीस पानांचें एक चेकबुक. ज्या पातशाहीशीं ही लढाई झाली तीस ती झाल्याची खबर नाही, आणि जिच्यासाठीं झाली त्या नेलबाईंसही नाही. त्या शनिवारीं सुखरूप झोपून उठल्या, इतकें नमूद करून लेखणी खालीं ठेविली.